कलाकृती पाहणं, समजणं, आवडणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रदर्शनं, संग्रहालयं आणि लेणी पाहायला जाणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भर चित्र आणि शिल्पावर आहे. एका उत्तरात आलेला मुद्दा दुसरीकडे लागला, तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चित्र आवडायला तत्त्वज्ञान कशाला हवं?

आवडायला मुळीच नको. अडतं ते नंतर. शेजारचा माणूस त्याच चित्राला भिकार म्हणतो, किंवा जगानं नावाजलेल्या चित्रासमोर आपण ढिम्म उभे राहतो, तेव्हा 'असं का' हा प्रश्न पडतो. सौंदर्यशास्त्र हे त्या प्रश्नाचं शास्त्र. युरोपात बाउमगार्टेन या जर्मन तत्त्वज्ञानं १७३५ मध्ये या शाखेला नाव दिलं आणि १७५० मध्ये त्यावर ग्रंथ काढला. आपल्याकडे भरताचं नाट्यशास्त्र त्याच्या कितीतरी शतकं आधीचं आहे.

सुरुवातीलाच एक लक्षात घेतलं तर पुढचे अर्धे घोटाळे टळतात. कोणताही एक सिद्धांत कलेबद्दलच्या सगळ्या प्रश्नांना पुरत नाही. रूपवाद विचारतो, हे रचलंय कसं? रससिद्धांत विचारतो, यातून कोणता भाव चाखायला मिळतो आणि कशामुळे? जर्मन तत्त्वज्ञ कांट विचारतो, सुंदर म्हणताना मी नेमका कसला दावा करतो? अमेरिकी तत्त्वज्ञ डान्टो विचारतो, ही वस्तू कला का ठरली? लोक कला म्हणून मांडलेल्या मूत्रपात्रात (प्रश्न १०) सौंदर्य शोधतात आणि अमूर्त चित्रात गोष्ट शोधतात, आणि मग सिद्धांत निकामी आहे म्हणतात. खरं तर प्रश्न चुकीच्या दारावर नेलेला असतो.

२. "मला आवडलं" आणि "हे सुंदर आहे" यांत खरंच फरक आहे का?

आहे, आणि तो कांटनं १७९० मध्ये नेमका मांडला. त्याचं उदाहरण कॅनरी बेटांवरच्या वाइनचं आहे. ती 'मला' रुचते, एवढंच म्हणणं रास्त. दुसऱ्याला नाही रुचली तर भांडण नाही. पण एखादी वस्तू सुंदर आहे असं आपण म्हणतो तेव्हा इतरांनीही मान्य करावं ही अपेक्षा त्यात असतेच. गंमत अशी, की ही अपेक्षा कोणत्याही नियमानं सिद्ध करता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही.

कांटची दुसरी अट निरिच्छतेची, म्हणजे त्या वस्तूकडून आपल्याला काही हवं नसण्याची. "हा राजवाडा सुंदर आहे का?" या प्रश्नाला "गरिबांच्या घामावर उभारलाय" हे उत्तर खरं असू शकतं, पण ते या प्रश्नाचं उत्तर नाही. हीच चाळणी स्वतःला लावून पाहा. चित्र दिवाणखान्यात शोभेल, त्याची किंमत वाढेल, त्यातला वाडा आजोळच्या वाड्यासारखा आहे: ही तीन कारणं बाजूला काढल्यावर काय उरतं? काही उरलं तर सौंदर्याबद्दल बोलायला सुरुवात करता येते. निरिच्छ म्हणजे कोरडं, निर्विकार असं मात्र नव्हे. नव्यानं वाचणाऱ्यांचा हा गैरसमज हटकून होतो.

३. आवड ज्याची त्याची असेल, तर चांगलं-वाईट ठरवणार कोण?

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं १७५७ च्या निबंधात जाणकाराचे पाच गुण सांगितले आहेत: शाबूत विवेक, बारीक फरक टिपणारी संवेदना, सराव, तुलनेची सवय आणि पूर्वग्रहापासून मुक्तता. त्यानं सांगितलेला किस्सा 'डॉन किहोते' कादंबरीतल्या सांचो पांझाच्या दोन नातलगांचा आहे. एकाला पिंपातल्या वाइनला लोखंडाची चव लागली, दुसऱ्याला कातड्याची. लोक हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी कातडी वादी बांधलेली किल्ली निघाली.

पाचांपैकी सराव आणि तुलना हे दोन गुण कुणालाही मिळवता येतात, म्हणून कामाचे. एकाच विषयाची दोन चित्रं शेजारी ठेवून पाहण्यानं जेवढी नजर तयार होते, तेवढी वेगवेगळी वीस चित्रं भराभर पाहून होत नाही. ह्यूमच्या उत्तरातली कच्ची बाजू उघड आहे. जाणकार कोण, हे चांगल्या कलाकृतींवरून ठरवायचं आणि चांगल्या कलाकृती जाणकारांवरून, असं हे वर्तुळ होतं. ते तोडायला काळाची कसोटी तो पुढे करतो. पण नव्या चित्राला ती लावायची सोय नाही.

४. चित्रासमोर उभं राहिल्यावर सुरुवात कुठून करायची? किती वेळ द्यायचा?

एका दालनातली तीनच चित्रं निवडा आणि प्रत्येकाला दहा मिनिटं द्या. सगळं पाहायचा हट्ट धरला की पाय दुखतात आणि लक्षात काही राहत नाही.

आधी मान न वळवता पूर्ण चित्र नजरेत मावेल इतकं लांब उभं राहा. चित्राच्या कर्णाच्या दीडपट ते दुप्पट अंतर साधारण पुरतं. पहिली दोन मिनिटं नावं द्यायची नाहीत: बाई, झाड, घोडा काही नाही. नजर आधी कुठे जाते, तिथून कुठे वळते आणि कुठे अडकते, एवढंच टिपायचं. मग मर्ढेकरांनी सांगितलेले लयीचे तीन प्रकार शोधा: संवाद, विरोध, समतोल. कोणता आकार किंवा रंग दुसरीकडे पुन्हा येतो? कशाची कशाशी टक्कर आहे? डावीकडचं वजन उजवीकडे कशानं पेललंय? हे शोधताना डोळे किलकिले केले की तपशील पुसट होतो आणि गडद-फिक्या ठिकाणांची मांडणी वर येते.

त्यानंतर जवळ जा. हातभर अंतरावरून रेषा, थर, कुंचल्याची दिशा पाहा. इथे यशोधरानं कामसूत्राच्या टीकेत नोंदवलेली चित्राची सहा अंगं कामाला येतात: रूपभेद (आकारांतले फरक), प्रमाण, भाव, लावण्ययोजन (सौंदर्य आणणं), सादृश्य (सारखेपणा), वर्णिकाभंग (रंगांची योजना). आकृतिचित्राला ती चपखल बसतात, अमूर्ताला अर्धीच. शेवटी पुन्हा मागे या. पहिल्या नजरेला जे दिसलं नव्हतं ते आता दिसतं का, हीच पाहण्याची परीक्षा.

विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्र या भागात एक नामी श्लोक आहे: आचार्य रेषेची वाखाणणी करतात, जाणकार छायेची, स्त्रियांना अलंकार हवे असतात आणि बाकीच्यांना रंगांची रेलचेल. स्त्रियांबद्दलचं विधान त्या काळाचं म्हणून सोडून द्यावं. पण आपली नजर रंगावरच थांबते की रेषेपर्यंत पोचते, हे तपासायला श्लोक उत्तम आहे.

५. रससिद्धांत नाटकाचा. तो चित्राला लावणं ओढूनताणून नाही का?

काही अंशी आहे. भरताच्या सूत्रात विभाव (भावाची कारणं), अनुभाव (त्याच्या बाहेर दिसणाऱ्या खुणा) आणि व्यभिचारी भाव (येणारे-जाणारे भाव) यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती होते. ३३ व्यभिचारी भाव एकामागून एक येतात-जातात, त्याला वेळ लागतो. चित्राकडे एकच क्षण असतो. त्यामुळे चित्रकार असा क्षण निवडतो ज्यात आधीचं आणि नंतरचं दोन्ही सुचेल. चित्रात रस शोधताना 'हा क्षणच का?' हा प्रश्न पहिला.

पण चित्र आणि रस यांचं नातं उपरं नाही. नाट्यशास्त्राचा भाष्यकार शंकुक यानं, नाटक पाहताना होणारं ज्ञान कसलं, हे समजावताना चित्रातल्या घोड्याचाच दाखला घेतला. चित्रातल्या घोड्याला आपण घोडा म्हणतो, तेव्हा ते ज्ञान खरं नसतं, खोटं नसतं, संशय नसतो आणि नुसतं सादृश्यही नसतं. नटाला राम मानणं त्याच जातीचं. शोकाचं चित्र पाहून दुःखाऐवजी आस्वाद का मिळतो, याचं दुसरा भाष्यकार भट्टनायक याचं उत्तरही इथे लागू पडतं: साधारणीकरणामुळे तो शोक अमक्या माणसाचा राहत नाही. तो तसा राहिला तर काय बिघडतं, ते पुढच्या उत्तरात दुसऱ्या विघ्नात पाहा.

६. नावाजलेलं चित्र आहे, तरी मला काहीच वाटत नाही. दोष माझा की चित्राचा?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. याचं सगळ्यात उपयोगी उत्तर हजारएक वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्त या तत्त्वज्ञानं देऊन ठेवलं आहे. रसास्वादात येणारी सात विघ्नं त्यानं मोजली. ती नाटकासाठी आहेत, पण क्रमानं तपासली तर बिघाड नेमका कुठे आहे ते कळतं.

पहिलं संभावनाविरह: समोरचं पटतच नाही, कारण त्याचं जगच अनोळखी. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात विश्वंतर जातक चितारलंय. दानापायी राज्य, मुलं, बायको देऊन टाकणारा राजपुत्र ठाऊक नसेल, तर ती नुसती माणसांची गर्दी वाटते. उपाय पाच मिनिटांचा: कथा आधी वाचून जा.

दुसरं विघ्न म्हणजे भाव 'माझा' किंवा 'त्याचा' म्हणून अडकणं. घाटाच्या चित्रात आपलं गाव दिसलं की माणूस आठवणीत रमतो, चित्र तिथेच राहतं. हे लवकर ओळखू येत नाही, कारण डोळ्यांत पाणी आलेलं असतं आणि ते चित्रामुळेच आलं असं वाटतं. नाटकात यावर पूर्वरंग (नाटकाआधीचा विधी), वेशभूषा यांचा उतारा आहे. चित्रात चौकट तेच काम करते. तिच्या कडांपाशी काय कापलं गेलंय ते पाहिलं की माणूस भानावर येतो.

तिसरं, स्वतःच्या सुखदुःखानं व्यापलेलं मन. याला सिद्धांत काय करणार? बसा, पाणी प्या, पुन्हा या. अभिनवगुप्तही इथे गाणं-वाजवणं आणि सजवलेलं प्रेक्षागृह असेच उपाय सांगतो.

चौथं साधनांची उणीव. काचेवर दिव्याची तिरीप, गर्दी, चुकीची उंची. एक पाऊल बाजूला सरकल्यानं चित्र उघडतं, असं कितीदा तरी होतं. पाचवं अस्फुटता आणि सहावं अप्रधानता हे बहुधा कृतीचे दोष. भाव उमटलेलाच नाही, किंवा जरीचा काठ आणि दागिने इतके सुरेख की चेहरा मागे पडला. सातवं संशय: अश्रू शोकाचे, आनंदाचे की डोळे आल्याचे? एकट्या खुणेवरून ठरत नाही. हात, सोबतच्या आकृती, प्रसंग एकत्र पाहावे लागतात. तसं पाहूनही संशय फिटला नाही, तर दोष चित्राकडे जातो.

थोडक्यात, दुसरं-तिसरं पाहणाऱ्याचं, चौथं जागेचं, पाचवं-सहावं कृतीचं, आणि पहिलं-सातवं दोघांच्या मधलं. सातही तपासून काही सापडलं नाही, तर चित्र तुम्हाला आवडत नाही, एवढंच. त्यात अपराध नाही.

७. अमूर्त चित्राचा अर्थ काय असतो?

बऱ्याचदा विचारायचं असतं 'यात काय दाखवलंय?', आणि त्याचं उत्तर 'काही नाही' असंच असतं. वासुदेव गायतोंडे आपल्या चित्रांना अमूर्त म्हणण्यापेक्षा 'वस्तुनिरपेक्ष' म्हणणं पसंत करत आणि बहुतेकांना शीर्षकही देत नसत. त्यांनी रोलर आणि पॅलेट नाइफनं रंगाचे पातळ थर चढवले, काही ठिकाणी खरवडून काढले. त्यामुळे प्रकाश पृष्ठभागावरून न येता आतून झिरपल्यासारखा वाटतो. त्यात डोंगर, समुद्र, क्षितिज शोधू लागलं, की ढगात हत्ती शोधण्याची करमणूक होते आणि थर दिसायचे राहतात. रागाच्या आलापीत आपण शब्दार्थ मागत नाही. तेवढीच मोकळीक इथे द्यावी.

८. पाटी आधी वाचावी की नंतर? चित्रकाराला काय म्हणायचं होतं ते महत्त्वाचं नाही का?

नाव, साल, माध्यम आधी. स्पष्टीकरण नंतर.

विमसॅट आणि बिअर्डस्ली या अमेरिकी अभ्यासकांनी १९४६ मध्ये मांडलं, की कर्त्याचा हेतू हा कृतीच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही. हेतू साधला असेल तर तो कृतीतच दिसेल, साधला नसेल तर सांगून उपयोग नाही. हे साहित्याबद्दल होतं, चित्रालाही बरंच लागू आहे. पण माहितीच नको, असा त्याचा अर्थ घेतला तर फसगत होते. तत्त्वज्ञ केंडल वॉल्टननं १९७० मध्ये दाखवलं, की कृती कोणत्या वर्गातली म्हणून पाहतो यावर तिचे गुण बदलतात. संगमरवरी अर्धपुतळा पाहून 'हा माणूस पांढराफटक आणि छातीखाली कापलेला' असं कुणी म्हणत नाही, कारण पांढरेपणा आणि कापलेली कड त्या वर्गात गृहीतच आहेत.

वारली चित्राचं तसंच. गेरूच्या जमिनीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग ही त्या वर्गाची मूळ अट. 'रंग का नाहीत?' हा प्रश्न तिथे लागूच नाही. प्रश्न असा हवा, की त्रिकोण, वर्तुळ आणि रेषा एवढ्यावर नाचाची गती कशी आली? उलट एखाद्या वारली चित्रात निळा दिसला, तर तो बोलका.

मुंबईच्या जहांगीरसारख्या कलादालनात चित्रकार बहुधा हजर असतो. त्याला 'याचा अर्थ काय?' विचारलं तर पाठ केलेलं वाक्य मिळतं. 'हा थर आधीचा की नंतरचा?', 'कुठे थांबायचं कसं ठरवलं?' असं विचारा, मग खरं बोलणं सुरू होतं.

९. कलेसाठी कला की जीवनासाठी कला? शेवटी काय ठरलं?

फडके-खांडेकरांच्या नावानं मराठीत हा वाद पिढ्यान्पिढ्या परीक्षेत विचारला गेला. प्रश्नच 'किंवा' घालून मांडलाय, म्हणून तो सुटत नाही.

रूपवादी टोकाला इंग्रज कलासमीक्षक क्लाइव्ह बेल आहे. १९१४ मध्ये त्यानं सांगितलं, की चित्रात महत्त्वाचं ते अर्थपूर्ण रूप, विषय गौण. हे तपासायला पिकासोचं गेर्निका घ्या. काळा-करडा-पांढरा, त्रिकोणी मांडणी, धारदार कोन: बेलच्या नजरेनं बरंच दिसतं. पण गेर्निका या स्पेनमधल्या गावावरच्या २६ एप्रिल १९३७ च्या बॉम्बहल्ल्याचा संदर्भ काढला, की त्या घोड्याची किंकाळी निव्वळ तिरपा आकार होऊन बसते. दुसऱ्या टोकाला टॉल्स्टॉय. कला म्हणजे भावनेचा संसर्ग, असं म्हणता म्हणता त्याला बीथोव्हेनची नववी सिम्फनी वाईट कला ठरवावी लागली.

रा. भा. पाटणकरांनी १९७४ च्या सौंदर्यमीमांसेत काढलेली वाट आम्हाला सर्वांत सयुक्तिक वाटते. कलेच्या आपल्या संकल्पनेलाच दोन ध्रुव आहेत, अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी. एकाच वेळी कला जगापासून वेगळी आहे असंही आपण मानतो आणि जगाशी बांधलेली आहे असंही. कोणत्या कृतीसमोर कोणता ध्रुव जवळचा, हे कृती पाहून ठरवायचं.

१०. मूत्रपात्र आणि खोकी संग्रहालयात ठेवून त्यांना कला म्हणणं ही थट्टा नाही का?

थट्टा आहेच, पण नेम धरून केलेली. १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या स्वतंत्र कलावंतांच्या संस्थेनं सहा डॉलर भरणाऱ्या कुणाचंही काम लावू, असं जाहीर केलं होतं. फ्रेंच कलावंत द्युशाँनं 'आर. मट' या सहीनं मूत्रपात्र पाठवलं, ते लावलं गेलं नाही. 'कुणाचंही' या शब्दाची परीक्षा झाली. मूळ वस्तू हरवली. आज संग्रहालयांत दिसतात त्या नंतरच्या प्रती.

१९६४ मध्ये वॉरहॉलनं ब्रिलोची, म्हणजे भांडी घासायच्या साबणी घासण्यांची, खोकी प्लायवूडवर छापून मांडली. दुकानातलं खोकं आणि हे खोकं नजरेला सारखंच. मग फरक कुठे? डान्टोचं उत्तर: डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीत, म्हणजे कलेचा इतिहास आणि सिद्धांत यांनी तयार केलेल्या वातावरणात. उपरोध असा, की दुकानातल्या खोक्याची रचना जेम्स हार्वी या चित्रकारानं पोटासाठी केली होती.

इथे एक काळजी घ्या. 'कला आहे' आणि 'चांगली कला आहे' ही दोन विधानं आहेत. पहिलं मान्य करून दुसरं नाकारता येतं. वादात निम्मा वेळ या गल्लतीत जातो.

११. नक्कल हुबेहूब असेल तर मूळ चित्राचं एवढं कौतुक का?

१९३७ मध्ये व्हान मेगेरेन या डच चित्रकाराचं बनावट चित्र सतराव्या शतकातल्या व्हर्मीरचं म्हणून नामवंत तज्ज्ञानं उचलून धरलं आणि ते रॉटरडॅमच्या संग्रहालयात गेलं. १९४५ मध्ये त्यानं स्वतःच कबुली दिली. रंग जुना भासावा म्हणून त्यानं फिनॉल-फॉर्माल्डिहाइड मिसळून चित्र भाजलं होतं. आज ते पाहिलं की चेहरे १९३० च्या दशकातल्या सिनेनट्यांसारखे दिसतात, आणि हे तेव्हा कसं दिसलं नाही याचं नवल वाटतं.

तत्त्वज्ञ नेल्सन गुडमननं १९६८ मध्ये यातला मुद्दा पकडला. आज मला मूळ आणि नक्कल या दोहोंत फरक दिसत नसेल, पण फरक आहे हे कळल्यावर मी वेगळ्या नजरेनं पाहतो आणि उद्या तो दिसू शकतो. बंदिशीला किंवा कवितेला हे लागू नाही. कविता अक्षर न बदलता उतरवली तर ती तीच कविता.

अपवाद छापचित्रांचा. रविवर्म्याच्या छापखान्यातला जुना ओलिओग्राफ (तैलचित्रासारखं दिसणारं रंगीत छापचित्र) ही तैलचित्राची नक्कल असली, तरी ओलिओग्राफ म्हणून तो अस्सलच. कालपरवा त्यावरून काढलेली डिजिटल प्रत मात्र नाही.

१२. मोबाइलवर पाहिलं तर चालतं ना?

ओळख ठेवायला, तुलना करायला चालतं. मत द्यायला नाही. आकार, पोत आणि अंतर या तीन गोष्टी जातात. गेर्निका सुमारे साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद आहे. तळहातावर ते व्यंगचित्र वाटतं. गायतोंड्यांचे थर पडद्यावर सपाट डाग होतात. लघुचित्रांचं उलटं होतं: मोठं करून पाहिल्यानं बारीक काम दिसतं, पण हातात धरून पाहायच्या चित्राचं खासगीपण हरवतं.

१३. देवाच्या मूर्तीकडे कला म्हणून पाहणं चुकीचं आहे का?

चुकीचं नाही, अपुरं आहे. घारापुरीची सहाव्या शतकातली सदाशिवाची मूर्ती साडेपाच-सहा मीटर उंच. मधला चेहरा शांत, एका बाजूला उग्र अघोर, दुसऱ्या बाजूला सौम्य वामदेव. विरोध आणि समतोल (प्रश्न ४) शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही. पण कांटची निरिच्छता इथे नीट बसत नाही, कारण मूर्ती दर्शनासाठीच घडली, आणि दर्शनात भक्त मागतोही. वारल्यांच्या लग्नचौकाचंही, म्हणजे लग्नात भिंतीवर काढतात त्या चौकाचंही, तेच. पालघट देवीविना तो चौक ही फक्त नक्षी. विधी काय होता ते समजून घेऊन मग रूप पाहावं. श्रद्धा असलीच पाहिजे असं नाही, पण तिच्यामुळे आकार असा का झाला हे कळलं पाहिजे.

१४. चित्रकार माणूस म्हणून वाईट होता. तरी त्याचं चित्र आवडून घ्यावं का?

आधी पाहा, तो दोष चित्रात उतरलाय का. उतरला नसेल, तर प्रश्न तुमच्या पैशांचा आणि सन्मानाचा आहे, आस्वादाचा नाही. उतरला असेल, म्हणजे चित्रच क्रौर्याचं कौतुक करायला सांगत असेल, तर मन मागे सरतं आणि तो कृतीचाही दोष होतो. ह्यूमही एरवी उदार, पण इथे अडून बसतो.

१५. अजिंठ्याची चित्रं पिवळसर, मंद दिसतात. तो मूळचा भाव समजायचा का?

सरसकट नाही, आणि इथे भलेभले फसतात. निजाम सरकारनं १९२०-२२ दरम्यान चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन जाणकारांना आणून चित्रं पक्की करून घेतली. तेव्हा लावलेलं लाखेचं व्हार्निश पुढे पिवळं पडलं. पुरातत्त्व खात्यानं ते नंतर बरंचसं उतरवलं, सगळीकडे नाही. त्यावर धूर आणि वटवाघळांच्या विष्ठेचे डाग आहेत. चित्रं कोरड्या गिलाव्यावर काढलेली असल्यानं रंगाचे पापुद्रेही सुटले आहेत.

म्हणून पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी या बोधिसत्त्वाबद्दल बोलताना उबदार सोनेरी छटेवर भिस्त ठेवू नका. झुकलेल्या पापण्या, त्रिभंग (तीन ठिकाणी वाकलेली उभी ठेवण), कमळ धरलेल्या बोटांची रेषा यांवर ठेवा. ते चित्रकाराचं आहे याची खात्री असते. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पाच-सात मिनिटं द्या, फ्लॅश वापरायला बंदी आहे. गाभाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं की पद्मपाणी डावीकडे आणि वज्रपाणी उजवीकडे. दोघांना आलटून पालटून पाहा, प्रश्न ३ मधली तुलना तिथे आयतीच मिळते.